बर्नार्ड तारा, मार्गे पौड

मुळशी धरणाचे पाणी पुण्याला पुरेल का, ही चर्चा जुनी आहे. पिंपरी-चिंचवडला पुरेल का, हीही झाली. ते पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात राहू द्यावे की आजवरच्या रिवाजाप्रमाणे सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे भिऱ्याला सोडावे, यावर समित्या बसल्या आणि चहा पिऊन उठल्या. पण हेच पाणी ताऱ्यापर्यंत पोचायला पुरेल का, हा प्रश्न विधानसभेत आजवर एकाही आमदाराने उपस्थित केलेला माझ्या वाचनात नाही. शेवटी पिरंगुटच्या माझ्या गॅलरीत बसून मीच हिशेब केला. जवळजवळ पुरते. थोडी तूट येते, पण ती तालुक्याबाहेर न जाता भरून काढता येते.

हिशेब असा. १९७३ ते १९७८ या काळात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी या संस्थेतल्या डझनभर शास्त्रज्ञ-इंजिनिअर मंडळींनी फावल्या वेळात दुसऱ्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानाचा आराखडा तयार केला. ॲलन बाँड हे त्यांचे म्होरके आणि डिडॅलस हे यानाचे नाव. ब्रिटनमध्ये ते दिवस कसले, तर कोळसा खाणकामगारांच्या आंदोलनाचे, वीजकपातीचे आणि कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याचे. घरात दिवे नसताना ताऱ्याकडे जायचा बेत आखणारी ही माणसे मला फार आपली वाटतात.

जायचे होते बर्नार्डच्या ताऱ्याकडे. अंतर ५.९ प्रकाशवर्षे, प्रवास सुमारे पन्नास वर्षांचा. यानाचे वजन ५४,००० टन आणि त्यातले ५०,००० टन नुसते इंधन. वेग प्रकाशाच्या १२ टक्के, म्हणजे सेकंदाला ३६,००० किलोमीटर. या वेगाने चांदणी चौक ते पौड हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात संपते. सध्या ते किती वेळात संपते, हे भूगावच्या कोंडीत उभ्या असलेल्या कुणालाही विचारावे. त्याच्याकडे सांगायला भरपूर वेळ असतो.

इंधन दोन प्रकारचे: ड्युटेरियम आणि हेलियम-३. दोन्हींच्या गोठवलेल्या गोळ्या सेकंदाला अडीचशे या गतीने यानाच्या बुडाशी सोडायच्या, प्रत्येकीवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून तिचा एवढासा सूर्य करायचा आणि त्या अडीचशे सूर्यांच्या धक्क्याने पुढे जायचे. दोन्ही अणू एकास एक लागतात, पण हेलियम-३ वजनाला दीडपट. त्यामुळे वाटणी साधारण वीस हजार टन ड्युटेरियम आणि तीस हजार टन हेलियम अशी होते.

आता ड्युटेरियम हा काही दुर्मीळ माल नाही. साध्या पाण्यातल्या दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू या जड जातीचा असतो. एक घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. मुळशी धरण भरले की त्यात साडेअठरा टीएमसीच्या आसपास पाणी मावते, म्हणजे बावन्न कोटी घनमीटर. गुणाकार केला की सतरा हजार टनांच्या वर ड्युटेरियम निघते. राहिले तीन हजार टन. त्यासाठी तालुक्यातच मुठा नदीवर टेमघर आहे, ३.७ टीएमसीचे. त्यातून चौतीसशे टन मिळतात आणि बेरीज वीस हजारांच्या वर जाते. शिवाय टेमघर धरण गळतीसाठी महाराष्ट्रभर गाजलेले असल्यामुळे तिथून पाणी बाहेर काढायला वेगळी योजना मंजूर करून घ्यावी लागणार नाही.

थोडक्यात, एका तालुक्याच्या दोन धरणांवर माणूस दुसऱ्या सूर्याकडे जाऊ शकतो. ही बातमी तालुक्याच्या गावी सांगायलाच हवी होती.

पौडला एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलात मी ती सांगितली, तेव्हा तिथे मागे कधीतरी सरपंच राहिलेले आबा होते, जमिनीच्या व्यवहारात असलेला एक भाऊ होता आणि गल्ल्यावर मालक होते. कुणीही हसले नाही. मुळशीचे हे बरे आहे. गेल्या शंभर वर्षांत या तालुक्याला इतक्या थोर योजना ऐकवल्या गेल्या आहेत की, ताऱ्याकडे जाणारे यान ही त्यातल्या त्यात माफक वाटते. मोसे खोऱ्यात इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगीबेरंगी लवासा उभे राहताना या लोकांनी पाहिले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कज्जात जातानाही पाहिले. हिंजवडीत भातखाचरांच्या जागी काचेचे मनोरे उगवले, तेही मुळशी तालुक्यातच. माण ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. अशा लोकांना पन्नास वर्षांचा प्रवास म्हटले की दचकायला होत नाही.

आबांनी फक्त एक विचारले. "पानी परत मिळंल का?"

मी म्हणालो, "मिळेल ना. त्यातले ड्युटेरियम तेवढे काढून घ्यायचे. पाण्याला फरकसुद्धा पडणार नाही, हजार लिटरमागे वाटीभर कमी होईल."

"अर्धी वाटी व्हईल कमी का अर्धं धरन, ते सोडा. परत देतो म्हननारा मानूस कोन हाय?"

मुळशीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे. तेव्हा मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाशी बांध घालायचे ठरले. टाटांच्या कंपनीला वीज करायची होती, मुंबईला ती हवी होती आणि सरकारच्या कपाटात १८९४ चा भूसंपादन कायदा तयार होता. पन्नासावर गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. राजेंद्र व्होरा यांचे त्यावर २००९ मध्ये इंग्रजीत सविस्तर पुस्तक आले आणि त्याच्या नावातच हा जगातला पहिला धरणविरोधी लढा असल्याचे नोंदवलेले आहे. जगात पहिले असण्याचा हा मान तालुक्याने कमानीवर वगैरे कुठे रंगवलेला दिसत नाही. कमानी वाढदिवसांना लागतात.

या लढ्याचे नेते पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. हा माणूस एडिंबराला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथून पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवण्याची विद्या घेऊन परतला. मराठी मुलगा स्कॉटलंडला जातो, फ्रान्समध्ये रशियन माणसाला गाठतो, इंग्रजांविरुद्ध लढायला घरी येतो आणि शेवटी मुळशीच्या भातशेतीसाठी बांधावर बसतो. आंतरराष्ट्रीय राजकारण पौड रस्त्यावर कसे येते, असे कुणी विचारले तर मी हे उदाहरण देतो. बाकी लढ्याचे पुढे जे झाले ते ओळखीचे आहे. पुण्यात राहणारे सावकार आणि जमीनमालक भरपाईच्या आकड्यावर राजी होत गेले, कसणारे मावळे बसून राहिले, १९२४ पर्यंत सगळे मोडले आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. मुंबई उजळली. धरणाकाठच्या वाड्यांवर वीज यायला मात्र पिढ्या लागल्या.

म्हणून आबांना मी सांगितले की, घाई नाही. ड्युटेरियमपासून काढायची ही वीजच अजून जमलेली नाही.

हेही खरेच आहे. अणू जोडून शक्ती काढणे सूर्याला सोपे जाते, कारण त्याच्याकडे वजन आहे. तो दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन जाळतो आणि त्यातले चाळीस लाख टन उजेडात रूपांतर करून चहूकडे फेकून देतो. त्या फेकलेल्याच्या एका अगदी बारीक अंशात आपण पापड, कुरडया आणि भात वाळवतो. पृथ्वीवर हेच करायचे, तर वजनाची उणीव उष्णतेने भरून काढावी लागते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश पुरतात, आपल्याला पंधरा कोटी लागतात. एवढा तापलेला वायू ठेवायला भांडे मिळत नाही, म्हणून त्याला चुंबकाने हवेत अडकवून ठेवायचे. मोडतोडीसाठी ही विद्या माणसाला १ नोव्हेंबर १९५२ रोजीच जमली. अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब उडवून पॅसिफिकमधले एक बेट नकाशावरून पुसले. ती दिवा लावण्यापुरती जमवायची, तिथे सगळे अडून आहे.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. त्यांनी भाषणात भाकीत केले की, येत्या दोन दशकांत ही शक्ती माणसाच्या ताब्यात येईल. १९७५ आले आणि गेले. मग ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मिरीएवढ्या गोळीवर १९२ लेसर रोखून २.०५ मेगाज्यूल आत घातले आणि ३.१५ बाहेर आले. जगभर टाळ्या पडल्या. ते लेसर पेटवायला विजेच्या तारेतून तीनशे मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होते. तोपर्यंत वाचक क्रीडापानावर पोचलेला असतो.

जमिनीच्या व्यवहारातला भाऊ इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्याने मान वर केली. "सर, सगळ्यांनी मिळून एकच मोठा प्रकल्प का करत नाहीत?"

करतात. फ्रान्समध्ये कादाराश येथे. त्याची कल्पनाच मुळी राजकारणातून निघाली. नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनिव्हालाच रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले. क्षेपणास्त्रांवर एकमत होईना. मग निदान एखाद्या गोष्टीवर तरी हो म्हणावे म्हणून या शक्तीवर एकत्र काम करू, असे ठरले. आज या 'इटर' प्रकल्पात युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार आहेत. आपला वाटा नऊ टक्के. अख्खे यंत्र ज्यात बसते ती ३,८५० टनांची पोलादी निर्वात टाकी भारताने दिली, तिचे तुकडे सुरतजवळ हजिऱ्याला तयार झाले. पैशाऐवजी बहुतेकांनी सुटे भाग द्यायचे, आणि प्रत्येकाला सगळे काही शिकायला मिळावे म्हणून महत्त्वाचे भाग वाटून द्यायचे, अशी पद्धत. त्यामुळे एकीकडून आलेला तुकडा दुसरीकडून आलेल्या तुकड्याला मिलिमीटरने जुळत नाही आणि मग वर्षे जातात. आधी २०२५ म्हणत होते. २०२४ मध्ये नवे वेळापत्रक आले, ते २०३४ पासून सुरू होते आणि खरे इंधन २०३९ मध्ये घालते.

भाऊने ऐकून घेतले. "सात सहहिस्सेदार," तो म्हणाला. "निकाल नातवाला दिसंल."

तो निराशेने म्हणाला नाही, अनुभवाने म्हणाला. पण या सहहिस्सेदारांचे एक मला आवडते. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोपने रशियावर निर्बंधांची यादीवर यादी काढली. तेल नको, विमाने नकोत, बँका नकोत. त्याच वर्षी, २०२२ च्या नोव्हेंबरात, रशियाने बनवलेले नऊ मीटर रुंदीचे चुंबकी वेटोळे सेंट पीटर्सबर्गहून बोटीत चढले आणि पुढे फ्रान्सच्या किनाऱ्याला उतरले. भांडण भांडणाच्या जागी. मुळशीतही भावाभावांत तोंड बघणे बंद असते, पण भात लावणीला चिखलणीचा ट्रॅक्टर एकच येतो आणि तो दोघांच्याही खाचरांतून फिरतो.

हेलियम-३ चा विषय निघाला तेव्हा हॉटेलात खरी जान आली, कारण तो उत्खननाचा विषय आहे. पृथ्वीवर हे जवळजवळ नाही. चंद्रावर आहे. सूर्याकडून येणारा वारा अब्जावधी वर्षे चंद्राच्या मातीत ते पेरत आला आहे, पण इतके विरळ की टनभर मिळवायला कोट्यवधी टन माती उकरून भाजावी लागेल.

"चंद्राचा सातबारा कुनाच्या नावावर हाय?" भाऊने विचारले.

कुणाच्याच नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. झेंडा लावा, फोटो काढा, पण फेरफार होणार नाही. यावर कुणी गप्प बसेल तर ते राजकारण कसले. २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या घरचा कायदा केला: जमीन कुणाचीच नाही, मान्य, पण तिथून जे उकरून काढाल ते तुमचे. पाठोपाठ २०१७ मध्ये लक्झेंबर्गने तसाच केला. लक्झेंबर्ग हा देश पुणे जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाइतकाही नाही, पण त्याची नजर लघुग्रहांवर आहे. पुढे अमेरिकेने आर्टेमिस करार आणला, त्यावर भारताने २१ जून २०२३ रोजी सही केली. रशिया आणि चीन यांनी आपले चांद्रतळाचे वेगळे मंडळ काढले. म्हणजे पोचायच्या आधीच वाडीत दोन गणपती बसले.

भाऊने कायद्याचे सार दोन वाक्यांत काढले. "म्हंजी जागा सरकारी, पण मुरूम आपला. रॉयल्टी?"

"नाही."

"पंचनामा करायला तलाठी?"

"तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर."

गल्ल्यावरचे मालकसुद्धा हातातली चिल्लर ठेवून ऐकू लागले. मुळशीच्या डोंगरांचे लचके तोडणारे सगळे पोकलेन एका रात्रीत चंद्राकडे रवाना होतील, अशी आशा मला त्या क्षणी वाटली, आणि या अख्ख्या योजनेत तालुक्याचा काही फायदा असेल तर तो हाच. पण डिडॅलसवाल्या इंग्रजांनी चंद्र सोडून गुरू ग्रह निवडला होता. गुरूच्या वातावरणात हेलियम-३ चांद्रमातीपेक्षा जास्त. त्यात फुगे सोडायचे, फुग्यांखाली कारखाने टांगायचे आणि वीस वर्षे ते गाळत राहायचे. गुरुबळ असल्याशिवाय प्रस्थान नाही. आपल्याकडे हे लग्नाच्या मुलींना कधीपासून सांगत आलेले आहेत.

आता यानात बसणार कोण? डिडॅलस मुळात बिनमाणसांचे होते, पण माणसे न्यायची ठरली तर देशोदेशीची न्यावी लागतील आणि ती पन्नास वर्षे एकमेकांच्या शेजारी काढतील. याचा सराव पौडजवळच चालू आहे. खुबवलीच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. नाझींच्या जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षक कुर्ट हान यांच्या कल्पनेतून असे पहिले कॉलेज १९६२ मध्ये वेल्सच्या एका किल्ल्यात निघाले: शीतयुद्धात दोन्ही बाजूंची पोरे एकाच छपराखाली ठेवा, म्हणजे मोठेपणी एकमेकांवर बॉम्ब टाकताना निदान चेहरा आठवेल. खुबवलीची शाखा याच घराण्यातली. सोळा ते एकोणीस वयाची, कितीतरी देशांची मुले दोन वर्षे मुळशीचा पाऊस अंगावर घेतात.

ही मुले पौडला उतरली की सांस्कृतिक फरक उघडे पडतात, आणि ते परिसंवादात सांगतात तसले नसतात. मालकांचे म्हणणे असे की, तिखटावरून देश ओळखायला जाऊ नये. ज्याला वडापाव झेपणार नाही असे वाटते तोच वर मिरची मागून घेतो. त्यांना धक्का बसला तो बिलाचा. चार मुले एका टेबलाशी बसली, एका ताटातले खाल्ले, गळ्यात गळे घातले आणि शेवटी प्रत्येकाने आपापले पैसे मोजून वेगवेगळे दिले. मालक म्हणाले, "मला वाटलं, भांडण झालं." आपल्याकडे भांडण होते ते पैसे देण्यावरून. एक जण गल्ल्याकडे धावतो, दुसरा त्याचा हात पिरगाळतो, तिसरा मालकाला आईची शपथ घालतो आणि चौथा या गडबडीत स्वच्छतागृहात जाऊन येतो. चौथ्या माणसावर आपली संस्कृती टिकून आहे.

आबांची चौकशीची पद्धत वेगळी. उत्तर युरोपातल्या एका मुलीला त्यांनी आधी गाव विचारले, मग वडील काय करतात, भावंडे किती, आणि मग शेती किती. शेती नाही, म्हणाली. आबांच्या चेहऱ्यावर खरेखुरे दुःख पसरले. त्यांनी मालकांना तिचा चहा आपल्या खात्यावर लिहायला सांगितला. ती मुलगी टेकडीवर परतल्यावर जागतिक विषमतेवर निबंध लिहिणार होती. पौडमधल्या एका भूधारकाने आपल्याला भूमिहीन म्हणून मदत केली, हे तिने त्यात घातले का, ते विचारायला हवे होते.

पुढे भेटायचे ते तर खरेच परके. त्यांच्याशी मराठी माणसाचा संपर्क आधीच झालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यावर पंचावन्न भाषांत शुभेच्छा आहेत. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अमॉय बोलीत परग्रहवासीयांना विचारले आहे की, जेवलात का, आणि सवड झाली की घरी या. मराठीत एका बाईंनी नमस्कार करून सांगितले आहे की, पृथ्वीवरचे लोक शुभ विचार पाठवत आहेत आणि आपण या जन्मी धन्य व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. बारकाईने पाहा. समोरच्याला पुनर्जन्म असणार हे गृहीत धरले आहे. आशीर्वाद दिला आहे. घरी या म्हटलेले नाही. या वाक्याचा उगम कुठल्या पेठेतला, यावर संशोधन व्हायला हरकत नाही.

त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर भैरवी गातात. रसिक निवडून गाणाऱ्या केसरबाईंना अखेरीस असा श्रोता मिळाला की, तो कोण हे कुणालाच माहीत नाही. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्या बंदिशीचा आशय साधारण असा की, बाई गं, एकटी कुठे निघालीस? आता निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, ही शिस्त आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही शिकवतात. विचारले की काम होत नाही. व्हॉयेजर सेकंदाला सतरा किलोमीटरने चालले आहे, पन्नाशीला आले, आणि चाळीस हजार वर्षांनी ते एका ताऱ्याच्या जवळून जाणार. जवळून म्हणजे दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून. माझ्या आजीला याचे कारण विचारले असते तर तिने कॅल्क्युलेटर मागितला नसता.

राहता राहिला बर्नार्डचा तारा. तिथे जायचे का ठरले, तर पीटर व्हॅन डी कॅम्प या खगोलशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जाहीर केले होते की, या ताऱ्याला ग्रह आहे. तारा डुलतो, असे त्याच्या फोटोंत दिसत होते. पुढे १९७३ मध्ये, म्हणजे डिडॅलसचे काम सुरू झाले त्याच वर्षी, दुसऱ्यांनी तपासले. त्या दुर्बिणीचे भिंग जुळवायला काढले होते तेव्हा तेव्हाच तारा डुलला होता. ग्रह गेला. आराखडा चालूच राहिला, कारण सुरू झालेले काम जागा चुकली म्हणून थांबवायचे नसते, हे फक्त आपल्याच बांधकाम खात्याला कळते असे नाही. पण ब्रिटिशांचे नशीब थोर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे खराखुरा ग्रह सापडला आणि २०२५ मध्ये चार असल्याचे नक्की झाले.

पहिल्या सापडलेल्या ग्रहाचे वर्ष सव्वातीन दिवसांपेक्षा थोडे लहान आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुढीपाडवा. पाच वर्षांची ग्रामपंचायत सोळा दिवसांत बरखास्त. म्हणजे आचारसंहिता उठणारच नाही आणि रस्त्याचे काम कधीच सुरू होणार नाही. इथे पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत राहिले. तेवढ्या काळात त्या ग्रहावर शेकड्यांनी वर्षे उलटली. नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची तर दिवाळी ते दसरासुद्धा चैन नाही.

आबांनी शेवटची शंका काढली. "आनि तिथं थांबतं किती वेळ?"

थांबत नाही. डिडॅलसला ब्रेकच नव्हते. चार वर्षे इंजिन चालवून वेग घ्यायचा, मग सेहेचाळीस वर्षे नुसते जायचे आणि बर्नार्डच्या ताऱ्यापाशी पोचले की त्याच वेगात शेजारून निघून जायचे. जाता जाता फोटो काढायचे. ते फोटो आपल्याकडे पोचायला आणखी सहा वर्षे.

"छप्पन वर्सांनी फोटू," आबा म्हणाले. "आनि आमचं दोन धरनांचं पानी."

भाऊने मात्र मोबाइलवर काहीतरी टाइप करून झाले होते. हवा कशी आहे, म्हणाला. मी सांगितले, सव्वाशे अंशांच्या आसपास. पाणी? दिसत नाही. त्याने थोडा विचार केला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि 'बर्नार्ड' हे बरोबर लिहिले आहे का ते बघायला सांगितले. खाली 'मर्यादित प्लॉट शिल्लक' असे आधीच पडलेले होते.

"रोड टच लिहू ना?" त्याने विचारले. "गाडी शेजारनं जातीया म्हनाला न्हवं तुम्ही."